शिवणवर्ग: पहिली वस्तू कोणती, आणि मापांचं पत्रक कसं लिहायचं?

सुईदोरा (प्रश्न)

नवशिक्यांसाठी शिवणाचा छोटा वर्ग सुरू करायचा आहे. शिकणारे ८, मशीन ४. त्यातली २ पायाची, २ मोटरची, आणि चारही साध्या सरळ टाक्याची. दोन-दोन तासांचे ६ वर्ग होतील. बहुतेकांनी मशीनला हातही लावलेला नाही. शिवाय प्रत्येकाने शिवलेली वस्तू मापांच्या पत्रकासह बाकीच्यांना द्यायची असं ठरलंय, म्हणजे पत्रक बघून दुसऱ्याला तीच वस्तू शिवता आली पाहिजे.

विचारायचं ते असं:

१. पहिली वस्तू कोणती द्यावी? रुमालापासून सुरुवात करावी की थेट पिशवी?
२. ४ मशीनवर ८ जण बसवताना निम्मे रिकामे राहू नयेत म्हणून काय करता येईल?
३. पत्रकात काय लिहिलं म्हणजे दुसऱ्याचं कापड वाया जाणार नाही?

ब्लाउज, कुर्ता वगैरे इतक्यात नको.

---

उरेबपट्टी

रुमाल नको. तो सोपा वाटतो, पण चारही बाजूंना दुहेरी दुमड असते आणि कोपऱ्यात तीनावर तीन असे ९ थर जमतात. नवख्या हाताला तिथेच सुई अडते, टाके सुटतात, आणि उसवून उसवून कापडाची चाळणी होते. पिशवीत लांब सरळ टिपा असतात, थोडी वाकडी गेलेली टीप आतल्या बाजूला राहते, आणि वस्तू कामाला येते.

मात्र पहिला तास दोऱ्याशिवाय घ्या. पायाच्या मशीनवर हातचाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल केला की चाक फिरतं पण सुई हलत नाही. अशा सैल चाकावर १० मिनिटं फक्त पायडल मारायला लावा. चाक कायम स्वतःकडे फिरलं पाहिजे. उलटं फिरलं की पुढे दोरा तुटतो, हे तेव्हाच सांगून ठेवा. मग स्क्रू आवळा, जुनी सुई लावा आणि रेघांच्या वहीचा कागद द्या. आधी सरळ रेघा, नंतर चौकोनी भोवरा: कोपऱ्यावर सुई खाली, फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर, कागद वळवायचा, फूट खाली. शेवटी नागमोडी रेघ. कागदावर भोकं दिसतात, त्यामुळे हात कुठे घसरला ते शिकणाऱ्याला आपणच कळतं. कागदाने सुई बोथट होते, म्हणून ती सुई पुन्हा कापडाला वापरू नका.

पिशवीची मापं. जाडसर सुती कापड, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच, लांबी २७ इंच. धुऊन आणि आडव्या धाग्यावर सरळ करून घेतल्यावर निदान २४ इंच उरायलाच हवं.

मुख्य भाग: १७ × १९ इंच, २ तुकडे (१९ ही उंची, उभ्या धाग्यावर, म्हणजे किनारीला समांतर)
बंद: ४ × २४ इंच, २ पट्ट्या (२४ उभ्या धाग्यावर)

मुख्य तुकडे शेजारी शेजारी ठेवले की ३४ इंच जातात आणि त्यांच्या बाजूला ८ इंचांत दोन्ही बंद बसतात. एकूण ४२, म्हणजे दोन्ही किनारींना मिळून २ इंच मोकळे. खाली उरलेल्या पट्टीत आतला खिसा निघतो.

माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड) सगळीकडे अर्धा इंच. वरच्या तोंडाला आधी अर्धा, मग एक इंच दुमड. तळ ४ इंच रुंद. तयार पिशवी १२ इंच रुंद, १५ इंच उंच, ४ इंच खोल. हिशेब शिकणाऱ्यांकडूनच करून घ्या: १७ मधून दोन बाजूंची माया १ आणि तळाचे ४ वजा, १९ मधून दुमड दीड, तळाची माया अर्धा आणि अर्ध्या तळाचे २ वजा. हे आकडे ज्याला मांडता आले त्याला पुढे कुठल्याही मापाची पिशवी कापता येते.

क्रम: आधी बंद. पट्टी उभी मधोमध दुमडून इस्त्री, उघडून दोन्ही कडा मधल्या रेघेपर्यंत आत, पुन्हा दुमडून इस्त्री. १ इंचाचा चौपदरी बंद होतो, त्याला दोन्ही कडांना एक सूत (इंचाचा आठवा भाग) आतून टीप. मग दोन्ही बाजू आणि तळ. सरळ टाक्याच्या मशीनवर कडा सुटू नयेत म्हणून दुहेरी शिवण घ्या. कापडाची उलटी बाजू आत ठेवून पाव इंचावर पहिली टीप, माया एका सुतापर्यंत कापायची, उलटवून इस्त्री, आणि पुन्हा पाव इंचावर दुसरी टीप. पाव आणि पाव मिळून अर्धाच होतो, त्यामुळे मापं बदलत नाहीत. पहिल्या टिपेनंतर माया कापायला विसरलं की सुलट बाजूला शिवणीतून दोरे डोकावतात.

सगळ्यात जास्त चुका तळाच्या कोपऱ्यात होतात, तिथे थांबून दाखवा. पिशवी उलटी करा. बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बसेल असा कोपरा चपटा करा, त्रिकोण तयार होतो. एक टाचणी वरच्या शिवणीतून आरपार घाला, खालच्या शिवणीतूनच बाहेर आली पाहिजे. दोन्ही शिवणींची माया एकमेकींच्या उलट दिशेला वळवा, नाहीतर मधे गाठ होते. आता टोकापासून शिवणीवर २ इंच मोजून आडवी रेघ. टोक म्हणजे जिथे दोन टिपा मिळतात ते, कापडाची बाहेर आलेली कड नव्हे. मायेच्या कडेपासून मोजलं तर तळ ४ च्या जागी साडेतीन इंचांच्या आसपास होतो, आणि दोन कोपऱ्यांत दोन तऱ्हेने मोजलं तर पिशवी तिरकी उभी राहते. पडताळा सोपा आहे: आडवी रेघ कडेपासून कडेपर्यंत बरोबर ४ इंच भरली पाहिजे. भरली तरच टीप मारा, दोन वेळा, आणि मग अर्धा इंच सोडून कोपरा कापा.

तोंडाची दुमड आणि बंद शेवटी. मधोमध खूण करून दोन्हीकडे ३-३ इंचांवर बंदाचा मध्य. बंदाचं टोक १ इंच दुमडीच्या आत जातं, तिथे १ इंचाचा चौकोन आणि आत फुली.

मशीनच्या वाटणीबद्दल: जोड्या करा, पण एकाने शिवायचं आणि दुसऱ्याने बघायचं असं नको. दुसऱ्याकडे आखणं, कापणं, टाचणं आणि इस्त्री ही कामं द्या, २० मिनिटांनी अदलाबदल. या पिशवीत मशीनवर जितका वेळ जातो जवळजवळ तितकाच मशीनबाहेर जातो, म्हणून ८ जण ४ मशीनवर अडत नाहीत. अडतात ते इस्त्रीपाशी. दोन इस्त्र्या असू द्या.

---

काजबटण

पिशवी चांगली, पण पहिली वस्तू म्हणून मी तरी देणार नाही. कारण वर आलंच आहे, फक्त मोजलेलं नाही. बंद ४ पदरी, तोंडाची दुमड ३ पदरी, जिथे बंद शिवतो तिथे ७ थर होतात. जाडसर कापडाचे ७ थर, साधी १४ नंबरची सुई आणि पायावर ताबा नसलेला माणूस. सुई तुटणारच.

त्याआधी उशीचा अभ्रा द्या, चेन नाही, बटण नाही, मागे तोंडावर तोंड चढणारा. १६ × १६ इंचांच्या उशीसाठी:

पुढचा भाग १७ × १७, १ तुकडा
मागचा भाग १७ × १२, २ तुकडे

मागच्या दोन्ही तुकड्यांना १७ इंचांच्या एकेका कडेवर अर्धा आणि एक अशी दुमड. प्रत्येकी १०.५ उरतात, दोन मिळून २१. पुढचा भाग १७, म्हणजे मागे ४ इंच एकावर एक चढतात. २ इंचच चढवले तर उशी घातल्यावर तोंड फाकतं. सुलट बाजू आत ठेवून चारही कडांना अर्ध्या इंचावर टीप. जिथे मागचे भाग एकमेकांवर येतात तिथे कडेला दोनदा टीप मारा, उशी घालताना-काढताना ताण तिथेच येतो. कोपऱ्याची माया तिरकी कापा, टिपेपासून एक सूत सोडून. उलटवताना कात्रीचं टोक घालून कोपरा काढू देऊ नका, भोक पडतं. जाड विणकामाची सुई किंवा बोथट पेन्सिल बरी.

अभ्र्यात दोन दुमडी, चार सरळ टिपा आणि चार कोपरे एवढंच आहे. कोपरा वळवायचं शिक्षण इथेच होतं, आणि दोन तासांच्या एका वर्गात प्रत्येकाचा एक अभ्रा होतो. त्यानंतर पिशवी दोन वर्गांत. मग नेफ्याची नाडीवाली थैली, आणि जमलं तर शेवटच्या दोन वर्गांत चेनचा बटवा. चेन पहिल्या तीन वर्गांत अजिबात नको.

आणि बंदाच्या ७ थरांसाठी तीन गोष्टी. १६ नंबरची सुई. टाका थोडा मोठा, ३ मिमी. आणि पायडल सोडून हाताने चाक फिरवत चौकोन पूर्ण करायचा. थरांवर चढताना फूट पुढून वर उचललं जातं आणि मागे झुकतं, कापडावरची पकड सुटते, टाके एकाच जागी पडतात. फुटाच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवली की फूट सपाट राहतं आणि मशीन निमूट पुढे जातं. उतरताना हीच घडी पुढच्या बाजूला.

---

सुईदोरा

७ थरांचा हिशेब केला नव्हता, धन्यवाद. आधी अभ्रा, मग पिशवी असं करते.

एक अडचण: मोटरच्या एका मशीनवर टीप सुरू केली की खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. वरून टाका ठीक दिसतो. बॉबीन केसचा (खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीचा) स्क्रू आवळावा का?

---

शटल

स्क्रूला हात लावू नका. खाली जाळं झालं की सगळे बॉबीनवर संशय घेतात, पण खाली दिसतो तो गुंता वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या) चकत्यांमध्ये बसलेला नसला की प्रत्येक टाक्याला तो हवा तेवढा खाली ओढला जातो.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: फूट खाली असताना दोरा ओवला. फूट खाली असलं की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या आत न जाता वरून जातो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्या कडीपासून पुन्हा ओवा. मग तपासा. फूट वर असताना सुईजवळचा दोरा ओढला तर सहज सुटला पाहिजे, फूट खाली केल्यावर चांगलाच अडला पाहिजे. दोन्ही वेळी सारखाच सुटत असेल तर तो अजून चकत्यांबाहेर आहे, किंवा चकत्यांत जुन्या दोऱ्याचा तुकडा अडकलाय. दुहेरी सुती दोरा चकत्यांतून मागेपुढे फिरवला की निघतो.

दुसरं कारण म्हणजे सुरुवातीला दोऱ्याची टोकं मोकळी सोडणं. दोन्ही टोकं ४ इंच बाहेर काढून फुटाखालून मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके होईपर्यंत बोटाने धरा. जाळं फक्त सुरुवातीच्या अर्ध्या इंचात असेल तर कारण हे, पूर्ण टिपेला असेल तर पहिलं.

वर्गात वरचा दोरा लाल आणि बॉबीनचा निळा लावा, दोन्ही एकाच जाडीचे. मग टेन्शन तोंडी शिकवावं लागत नाही. कापडाच्या खाली लाल दिसला तर वरचं टेन्शन सैल, वरच्या बाजूला निळे ठिपके आले तर वरचं घट्ट. दोन्ही रंग आपापल्या बाजूला राहिले की झालं.

बॉबीन केस फक्त शिकवणाऱ्याने तपासावी: बॉबीन घालून केस दोऱ्यावर लटकवायची आणि हाताला हलका झटका द्यायचा. इंचभर-दोन इंच उतरून थांबली तर ठीक. सरसर खाली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. गरज पडलीच तर स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा, तोही पांढऱ्या कापडावर धरून, कारण तो स्क्रू एकदा निसटला की सापडत नाही.

बाकीच्या नेहमीच्या तक्रारी थोडक्यात. टाके सुटतात: सुई पूर्ण वर गेलेली नाही किंवा उलटी बसली आहे. लांब खाचेची बाजू जिकडे, तिकडूनच दोरा ओवायचा, मशीन कुठलंही असो. सुई तुटते: शिकणारा मागून कापड ओढतोय, त्यामुळे सुई वाकून पत्र्यावर आपटते. कापड नेण्याचं काम खालच्या दातांचं आहे, हातांनी फक्त दिशा द्यायची. कापडाला चुण्या पडतात: पातळ कापडाला जाड सुई किंवा वरचं टेन्शन घट्ट. पातळ सुतीला ११, मध्यमला १४, जाडला १६.

सुई साधारण ८ तासांच्या शिलाईनंतर बदलावी. कापडात शिरताना 'टक् टक्' आवाज यायला लागला तर त्याआधीच. तेल मशीनचंच, खाण्याचं तेल घट्ट होऊन मशीन जाम होतं. तेल दिल्यावर चिंधीवर एक-दोन हात टिपा मारा, नाहीतर पहिल्याच अभ्र्यावर डाग.

---

उरेबपट्टी

शटल यांच्या दोन रंगांच्या दोऱ्याला माझंही मत. एक भर घालते: मशीनच्या पाटीवर सुईपासून बरोबर अर्ध्या इंचावर कागदी चिकटपट्टीची चारपाच बोटं लांब पट्टी लावा, एकावर एक तीन-चार थर दिले की कडेला उंचवटा येतो आणि कापड त्याला टेकून चालतं. नवशिक्याची नजर सुईवर खिळते, आणि सुईकडे पाहिलं की टीप हमखास वाकडी जाते. नजर पट्टीच्या कडेवर हवी. फक्त पट्टी दातांवर किंवा बॉबीनच्या झाकणावर येऊ देऊ नका.

आणि उलट टीप नसलेल्या मशीनवर शेवट असा पक्का करायचा: सुई वर, फूट वर, कापड तीन-चार टाके मागे घ्या आणि त्यावरूनच पुन्हा पुढे शिवा.

---

खाका

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून.

पत्रकातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "१७ × १९" एवढंच लिहिणं. हे कापायचं माप की तयार माप? माया धरून की न धरता? दोन्ही मापं वेगवेगळी लिहा, आणि मायेची ओळ अगदी वर ठेवा: "सर्व मापांत अर्धा इंच माया धरली आहे." कुठे वेगळी असेल तर त्या तुकड्यासमोरच लिहा.

एका पत्रकात इंच आणि सेंटीमीटर मिसळू नका. अर्धा इंच म्हणजे १.२७ सेंमी. कोणीतरी सोयीसाठी १.५ धरतो. फरक फक्त ०.२३, पण सहा कळ्यांच्या घागऱ्यात शिवणी सहा आणि प्रत्येकीच्या दोन कडा, म्हणजे बारा वेळा ०.२३. कंबर २.७६ सेंमीने, इंचाहून जास्त, आवळते. पिशवीत हे खपून जातं, अंगावरच्या कपड्यात नाही.

तुकड्यांच्या यादीत प्रत्येकासमोर चार गोष्टी: नाव, माप (आधी रुंदी, मग उंची, हा क्रम कधी बदलायचा नाही), किती तुकडे, उभा धागा कुठल्या दिशेने. उभ्या धाग्याची खूण बाणाने दाखवा. बंद आडव्या धाग्यावर कापला तर सामान भरल्यावर लांबतो, आणि पत्रकात बाण नसेल तर शिकणारा उरलेल्या कापडात बसेल तसाच कापणार. कापडाचं झाड-फूल एका दिशेचं असेल तर तेही लिहा.

कापडासमोर पन्हा लिहायलाच हवा. "पाऊण मीटर लागेल" हे ४४ इंच पन्ह्यावर खरं असेल, ३६ वर मुख्य तुकडे ३४ इंच खातात आणि बंद शेजारी बसतच नाहीत, ते खालून काढावे लागतात. पन्ह्यात तुकडे कसे मांडले त्याचं हाताने काढलेलं चित्र सोबत द्या, सुंदर नसलं तरी चालतं. कापड आधी धुतलं होतं का, हेही.

कृतीत प्रत्येक पायरीला सुलट बाजू आत की बाहेर ते लिहा. "दोन तुकडे जोडा" या वाक्यावर दोन माणसं दोन प्रकारे जोडतात. सुई आणि टाक्याची लांबी एकदाच, वर. इस्त्री जिथे हवी तिथे ती वेगळी पायरी म्हणून लिहा. वाक्याच्या शेवटी जोडलेली इस्त्री कोणी करत नाही.

फोटो तीन पुरतात: पुढून, आतून उलटी करून, आणि अडचणीच्या जागेचा जवळून. पिशवीत ती जागा म्हणजे चपटा केलेला कोपरा. त्या फोटोत टेप ठेवा, २ इंच कुठून मोजले ते दिसू द्या. गडद कापडावर गडद टीप दिसत नाही, त्या फोटोपुरता दोरा पांढरा वापरा.

कागदी खाका छापून देणार असाल तर त्यावर २ इंचांचा चौकोन काढा आणि शेजारी लिहा, "हा मोजून बघा, मगच कापा." छापताना 'फिट टू पेज' राहिलं तर खाका नकळत लहान होतो. ९५ टक्क्यांवर १७ इंचांचा तुकडा १६.१५ होतो, डोळ्यांना कळतही नाही. विकत घेतलेल्या खाक्याच्या प्रती मात्र वाटू नका, आपला आखलेलाच द्या.

---

सुईदोरा

मुद्दे उतरवून घेतले. पत्रक वाटण्याआधी तपासायचं कोणी? मीच वाचलं तर सुटलेली ओळ मला दिसणार नाही.

---

खाका

जोडी बदलून तपासा. अभ्रा शिवलेल्याचं पत्रक दुसऱ्या जोडीतल्या माणसाला द्यायचं, लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आधी निम्म्या मापात, स्वस्त मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीच्या तुकड्यावर शिवायचं. मापं निम्मी करताना माया आणि दुमड मात्र निम्मी करायची नाही. पुढचा भाग ८ आणि १ मिळून ९ × ९ होतो, साडेआठ नव्हे. मागचे तुकडे ९ × ७, म्हणजे दुमडीनंतर साडेपाच आणि साडेपाच, आणि चढावा २, चारच्या निम्मा.

शिवणारा जिथे थांबून प्रश्न विचारेल तिथे पत्रकावर पेन्सिलने फुली मारायची, उत्तर मात्र द्यायचं नाही. तो अंदाजाने पुढे जाईल, चुकेल, उसवेल. सगळं झाल्यावर फुल्यांच्या जागी ओळी भरायच्या. बहुतेक फुल्या दोनच ठिकाणी पडतात, सुलट बाजू कुठे ठेवायची आणि माप कुठून घ्यायचं.

---

काजबटण

आणि उसवण्या चार मशीनला चार ठेवा. एकच असली की ती कायम दुसऱ्याच्या मशीनवर असते, आणि मग लोक कात्रीच्या टोकाने उसवतात.